मधुबाला कोणत्या वर्षी वाचली असती?

गेल्या हिवाळ्यात अमरावतीला नात्यातल्या एका वलीम्याला गेलो होतो. जेवणं आटोपली, बायकांची बैठक पानदानाभोवती जमली आणि जुन्या सिनेमांवरून गोष्ट निघाली. एक खाला म्हणाल्या, रफीसाहेब गेले तेव्हा अवघे 55 वर्षांचे होते, आजच्यासारखा इलाज तेव्हा असता तर? दुसरीने मीनाकुमारीचं नाव काढलं. 'पाकीजा' लागून दोन महिनेही झाले नव्हते, वय 38, यकृत पार निकामी. दारू सोडवणारं कुणी जवळ असतं तर? मग सर्वांत वडीलधाऱ्या खालाजान म्हणाल्या, "और मधुबाला? दिल में सुराख था बिचारी के. कोई क्या कर सकता था?"

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आमच्या मनात मात्र ते शेवटचं वाक्य अकोल्याला परत येईपर्यंत फिरत राहिलं. कारण तशाच एका सुराखाची चिठ्ठी काही महिन्यांपूर्वी आमच्या हातात होती.

सिनेनट्यांवर या मासिकात काय लिहायचं, असं काही वाचकांना वाटेल. पण ती कुणाची तरी लेक होतीच ना. मुमताज जहाँ बेगम देहलवी, जन्म दिल्लीचा, 14 फेब्रुवारी 1933. वडील अताउल्लाह खान, पदरात मोठं कुटुंब. 'बसंत' (1942) मध्ये ती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली तेव्हा नऊ वर्षांची होती, 'नीलकमल'ची नायिका झाली तेव्हा चौदा. पुढे घर तिच्याच कमाईवर चाललं. 1954 साली मद्रासला 'बहुत दिन हुए'च्या चित्रीकरणात तिला रक्ताची उलटी झाली. थोडी विश्रांती झाली आणि काम पुन्हा सुरू. आजार सिनेसृष्टीत फार बोलला जाऊ नये याची काळजी घेतली गेली, असं तिच्यावर लिहिणारे सांगतात. आजारी नायिकेला घेऊन कोण पैसा गुंतवणार? 'मुगल-ए-आझम'साठी तिने खऱ्या लोखंडी साखळ्या अंगावर वागवल्या. 1960 मध्ये लग्नानंतर किशोरकुमार तिला लंडनला घेऊन गेले, तर तिथल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. उरलेली वर्षं बहुतेक अंथरुणात. 23 फेब्रुवारी 1969 रोजी मुंबईत ती गेली, छत्तिसावा वाढदिवस होऊन नऊच दिवस झाले होते.

आता हा सुराख म्हणजे काय ते समजून घेऊ. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये एक पडदा असतो. काही बाळांच्या त्या पडद्याला जन्मतःच छिद्र राहतं. डावा कप्पा जोरकस, त्यामुळे शुद्ध रक्त छिद्रातून उजवीकडे जातं आणि पुन्हा फुप्फुसात लोटलं जातं. छिद्र बारीक असेल तर बहुतेकदा आपोआप बुजतं. मोठं असेल तर फुप्फुसं सतत रक्ताने तुंबलेली राहतात. वर्षानुवर्षं तो दाब सोसून तिथल्या रक्तवाहिन्या जाड आणि ताठर होतात. शेवटी दाब इतका वाढतो की रक्ताचा प्रवाहच उलटतो, अशुद्ध रक्त अंगभर फिरतं, ओठ-नखं निळी पडतात. या टप्प्यावर छिद्र बुजवणंच जिवावर बेततं. म्हणजे या आजारात वेळ हेच औषध आहे, आणि ते संपत जातं.

मधुबालाला रक्ताची उलटी झाली त्याच 1954 साली, 26 मार्चला, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी एका वर्षाच्या बाळाच्या हृदयातलं असं छिद्र शिवलं. जगात पहिल्यांदाच. शस्त्रक्रिया चालू असताना बाळाच्या रक्ताभिसरणाचं काम कुणी केलं? त्याच्या वडिलांनी. शेजारच्या टेबलावर त्यांना झोपवून दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडल्या होत्या. बापाचं हृदय काही मिनिटं दोघांसाठी चाललं. ते बाळ अकरा दिवसांनी न्यूमोनियाने गेलं, पण पुढे याच पद्धतीने 45 रुग्णांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि निम्म्याहून जास्त जगले. 1968 च्या फेब्रुवारीत तर मुंबईत, परळच्या केईएममध्ये, डॉ. पी. के. सेन यांनी हृदय बदलण्याची शस्त्रक्रियाही करून पाहिली. रुग्ण काही तासच जगला. त्याच शहरात मधुबाला पडून होती.

मग ती कोणत्या वर्षी वाचली असती? लहानपणी हा इलाज जगातच नव्हता. 1954 मध्ये तो नुकता, तोही सातासमुद्रापलीकडे, सुरू झाला होता. 1960 मध्ये उशीर झालेला होता. खालाजानचं म्हणणं तिच्या बाबतीत जवळजवळ खरं आहे. अताउल्लाह खानांना आज दोष देणं सोपं आहे, आम्हाला ते बरोबर वाटत नाही. पण आज अकोल्यातल्या मुलीबद्दल कुणी तेच वाक्य म्हणालं, तर ते साफ खोटं आहे.

आता त्या चिठ्ठीचं सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. आमच्या उर्दू शाळेत सहावीच्या एका मुलीच्या छातीवर डॉक्टरांनी स्टेथोस्कोप ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. चिठ्ठी लिहून दिली, टू-डी इको करून घ्या. खरं सांगायचं तर आम्ही या मुलीला चौथीपासून पाहत होतो. मैदानाची एक फेरी झाली की ती ओटीवर बसून जायची. आम्ही तिला नाजूक म्हणायचो आणि कवायतीतून सूट द्यायचो. रजिस्टरात तसं आमच्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

चिठ्ठी घरी गेली आणि तिथेच राहिली. एक महिना, दोन महिने. शेवटी आम्ही गेलो. आई हळू आवाजात म्हणाली, "आपा, ये बात रजिस्टर में मत चढ़ाओ. कल को रिश्ता आएगा तो कौन करेगा?" वडील म्हणाले, अल्लाहच्या मनात असेल ते होईल. आम्ही म्हटलं, भाईसाहब, आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, हेही प्रेषितांनीच (स.) सांगितलं आहे. ते हसले, हो म्हणाले, आणि पुन्हा काही झालं नाही.

गोष्ट हलली ती दादीमुळे. दुसऱ्या खेपेला आम्ही इको म्हणजे काय ते समजावत होतो. सुई नाही, दुखत नाही, पोटाच्या सोनोग्राफीसारखंच. दादी तख्तावर बसून ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "मेरी भी एक थी. दूध पीते-पीते पसीने में भीग जाती. पसलियाँ चलती थीं. हमने समझा नज़र लगी है." घरात कुणालाच ते माहीत नव्हतं, त्यांच्या मुलालाही नाही.

पुढच्या आठवड्यात मुलगी सर्वोपचारला गेली. छिद्र होतं, मोठं होतं, पण फुप्फुसांचा दाब अजून आवाक्यात होता. वर्ध्याकडच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. खर्च सरकारी योजनेतून झाला, घरच्यांचा गेला तो जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा. 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत अमरावती होतं. आता तिला महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणतात.

बाळ दूध पिताना दमत असेल, कपाळाला घाम येत असेल, वजन धरत नसेल, सारखा न्यूमोनिया होत असेल, तर छाती ऐकून घ्या. हजार बाळांमागे आठ-नऊ जणांना हृदयाचा काहीतरी जन्मजात दोष असतो. चुलत-मामे नात्यात पिढ्यान्‌पिढ्या लग्नं होतात तिथे धोका थोडा वाढतो. असे निकाह जायज आहेत, म्हणून कुणी रागावू नये, फक्त अशा घरांनी जास्त सावध राहावं. आणि दोष लपवून मुलीचं लग्न लावणं तर फारच वाईट. फुप्फुसांचा दाब वाढलेल्या बाईला बाळंतपण झेपत नाही, डॉक्टर गर्भधारणेलाच मनाई करतात. ज्या रिश्त्यासाठी लपवलं, त्याच रिश्त्यात जीव जातो.

गेलेल्या माणसासाठी 'असं केलं असतं तर' म्हणत बसू नये, अशीही शिकवण आहे. म्हणून दादींना आम्ही काही बोललो नाही. त्यांनीही तो विषय परत काढला नाही.

मुलगी आता आठवीत आहे. कवायतीला येते, फेऱ्या मारते, मधल्या सुट्टीत भांडतेही. लेख लिहायची परवानगी मागायला गेलो तर आईने एकच अट घातली, नाव आणि मोहल्ला लिहायचा नाही. लिहिलेला नाही.