अष्टूरचे घुमट आणि जंगमाचा शंख

बीदर शहराच्या पूर्वेस सुमारे ३ किलोमीटरवर शेतांनी वेढलेले अष्टूर हे लहान गाव बहमनी सुलतानांच्या कबरींसाठी ओळखले जाते. १४२२ मध्ये गादीवर आलेल्या अहमदशहाने राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बीदरला हलवली आणि त्याच्यासह पुढील सुलतानांचे दफन याच माळावर होत गेले. १४६१ मध्ये मेलेल्या हुमायूनचा घुमट वीज पडून असा फाटला आहे, की बाहेर उभे राहूनच त्याच्या भिंतींची जाडी पाहता येते; आणि बरीद घराण्याच्या मुठीत गेलेल्या अखेरच्या राजांच्या कबरी इतक्या खुज्या आहेत, की राज्य कसे ओसरले हे त्या रांगेवरूनच कळते.

या रांगेतील खरे वैभव मात्र अहमदशहाच्या कबरीत आहे. बाहेरून साध्या दिसणाऱ्या या वास्तूच्या आत गडद निळ्या आणि शेंदरी रंगांवर सोनेरी अक्षरांत इराणी सत्पुरुष शाह नियामतुल्ला वली यांच्या पंथाचा शजरा, म्हणजे गुरुपरंपरेची वंशावळ, लिहिलेला आहे. अहमदशहाने त्यांना गुरू मानले होते, आणि इराणातील माहान येथील त्यांच्या समाधीची वास्तूही त्याच्याच पैशातून उभी राहिली. गुरूंचे पुत्र खलीलुल्ला बीदरला आले. काळ्या दगडात कोरलेल्या सुंदर अक्षरांनी नटलेली त्यांची अष्टकोनी चौखंडी, म्हणजे समाधीची वास्तू, अष्टूरच्या वाटेवरच लागते.

दुष्काळात अहमदशहाच्या प्रार्थनेने पाऊस पडला, या श्रद्धेतून त्याला ‘वली’, म्हणजे ईश्वराचा सखा, हे नाव मिळाले. लिंगायत भाविक त्यालाच बाराव्या शतकातील संत अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. म्हणूनच त्याच्या उरुसाचा, म्हणजे पुण्यतिथीच्या जत्रेचा, दिवस हिजरी महिन्यांवरून न ठरता होळीपासून मोजला जातो, आणि कलबुर्गी जिल्ह्यातील माड्याळचे जंगम, म्हणजे लिंगायतांचे धर्मगुरू, आपल्या अनुयायांसह येऊन शंखनादात कबरीवर फुले वाहतात, तेव्हा उरुसाला आरंभ होतो. बहमनींचा इतिहास राजांच्या लढायांपुरताच वाचणाऱ्यांच्या नजरेतून ही गोष्ट सहसा निसटते. वास्तविक सुलतानाचे नाव लोकांच्या तोंडी राहिले ते लढायांपेक्षा या श्रद्धेमुळेच.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मराठवाड्याकडे आले, बीदर म्हैसूर राज्यात गेले. तरी लातूरकडच्या वाचकांना अष्टूर आजही एका दिवसात पाहून परतता येते. अहमदशहाच्या कबरीच्या आत उजेड कमी असतो. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थोडे थांबावे, म्हणजे रंग दिसू लागतात, आणि सहा शतके टिकलेल्या त्या रंगांना कोणीही हात लावू नये.