झिलई आणि जाळ



पाण्याचा माठ पाझरतो आणि लोणच्याची बरणी पाझरत नाही. दोन्ही मातीच्याच. मग हा फरक कशाचा? आम्ही कारखान्यांच्या दारांत आयुष्य घालविले, रसायनशास्त्राच्या वर्गात नव्हे. तरीही या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही भट्टीपर्यंत आणि भट्टीभोवतीच्या माणसांपर्यंत जाऊन पोचलो.

माठ मंद आचेवर भाजतात. त्याच्या कणांत बारीक भोके राहतात, त्यांतून पाणी झिरपते आणि वाऱ्याने उडते. उडताना ते आतली उष्णता घेऊन जाते, म्हणून माठातले पाणी गार. बरणीला ही भोके परवडत नाहीत; तिच्यात मीठ, तेल आणि आंबट रस वर्षभर राहावयाचा असतो. म्हणून तिच्या अंगावर काचेचा पातळ थर चढवितात. झिलई ती हीच.

काच होते वाळूची; पण नुसती वाळू वितळण्यास सुमारे 1700 अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. कुंभाराच्या भट्टीला ती झेपत नाही. येथे चुलीतली राख कामास येते. लाकडाच्या राखेत चुना आणि पोटॅश असतात. ते वाळूला 1250 ते 1300 अंशांच्या आसपासच वितळवितात. मात्र असा रस ओघळून जाईल, म्हणून त्यात थोडी चिकणमाती घालावी लागते. थोडक्यात, वाळू अंग देते, राख वितळविते आणि माती धरून ठेवते. हे मिश्रण पाण्यात कालवून, एकदा भाजलेले भांडे त्यात बुडवितात. भांडे पाणी शोषून घेते आणि भुकटी अंगावर राहते. बूड मात्र पुसून घ्यावे लागते. नाही तर भांडे खालच्या फळीलाच चिकटून बसते.

कमी आचेत काम भागविण्याचा दुसरा मार्ग म्हणजे शिसे. त्याची किंमत कामगारांनी मोजली. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर भागात झिलईच्या कुंडांवर काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांना शिसेबाधा होत असे. 1898 मध्ये सरकारने थॉर्प हे रसायनशास्त्रज्ञ आणि ऑलिव्हर हे डॉक्टर चौकशीस नेमले. शिसे आधी वाळूबरोबर वितळवून त्याची काच करावी आणि मग ती दळावी, म्हणजे ते अंगात कमी भिनते. उपाय एवढा साधा होता. तो अंमलात आणणे तेवढे साधे नव्हते.

आता लाकडाच्या भट्टीकडे वळू. जपानातील चढती भट्टी डोंगराच्या उतारावर, एकीवर एक खोल्या रचून बांधतात. आधी खालच्या तोंडाशी मंद जाळ करावयाचा. घाई केली तर भांड्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन भांडे फुटते. मग एकेका खोलीच्या बाजूच्या भोकातून पाइनच्या बारीक ढलप्या टाकीत वर जावयाचे. एका खोलीतून निघालेली ऊब पुढच्या खोलीला आयती मिळते. हवेपेक्षा लाकूड जास्त झाले की जाळ झिलईतला ऑक्सिजन ओढून घेतो. मग तांब्याचा हिरवा रंग लाल होतो आणि लोखंडाचा तपकिरी रंग निळसर-हिरवा. म्हणजे रंगाची निम्मी कामगिरी जाळ घालणाऱ्याच्या हाती. आणि भांड्यावर त्याचे नाव कधी नसते!

क्योटो शहराच्या गोजोझाका भागात कावाई कांजिरो (1890–1966) या थोर कुंभाराने 1920 मध्ये आठ खोल्यांची अशी भट्टी घेतली. ती त्याच्या एकट्याची म्हणून कधी पेटली नाही. शेजारची सुमारे वीस कुटुंबे आपली भांडी त्याच भट्टीत भाजीत. एवढी मोठी भट्टी एका घराने भरणे कठीण, आणि अर्धी भरून पेटविणे म्हणजे लाकडाची नासाडी. गरजेतूनच सहकार उभा राहिला. स्वतः कांजिरोने पुढे आपल्या भांड्यांवर सही करणे सोडले आणि सरकारी मानसन्मानही नाकारले.

धुरावरील निर्बंधांमुळे 1971 मध्ये ही भट्टी थांबली. आज ती कांजिरोच्या घराच्या संग्रहालयात थंड उभी आहे. आम्ही या निर्बंधांना दोष देणार नाही. दाट वस्तीतला काळा धूर शेजारच्या लहान मुलांच्या छातीत जातो, आणि तीही कष्टकऱ्यांचीच मुले असतात. पण विजेची लहान भट्टी एकेका घरात मावते. तिला शेजाऱ्याची वाट पाहावी लागत नाही, आणि ती विकत घेण्यास शेजाऱ्याचा हातभारही लागत नाही. ज्याच्यापाशी पैसा, त्याची भट्टी.

म्हणून धूर बंद करणारा कायदा करताना दुसरा प्रश्न त्याच बैठकीत विचारला पाहिजे: नव्या भट्टीचा खर्च कोणी सोसावयाचा, आणि ती वीस घरांनी मिळून का घेऊ नये? भट्टी लाकडाची असो की विजेची, हा प्रश्न कुंभारांनी एकेकट्याने सोडवावा अशी अपेक्षा करणे आम्हाला न्यायाचे वाटत नाही.