शर्यतींचा मोसम संपला, शरीराचा हिशेब बाकी

पारा चाळीस अंशांच्या पुढे गेला, की आपल्या सोलापुरात दुपारचे रस्ते ओस पडतात आणि मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकल पळविणाऱ्या हौशी मुलांचा मोसमही संपतो. पावसाळा सरल्यावर सुरू झालेली त्यांची धावपळ थांबते. ही मुले काही व्यावसायिक खेळाडू नव्हेत. कोणी गॅरेजमध्ये काम करतो, कोणी कारखान्यात, कोणी वडिलांच्या दुकानात बसतो. शनिवारी रात्री गाडी टेम्पोत चढवायची, शेजारच्या जिल्ह्यात किंवा पुण्याकडे जायचे, रविवारी शर्यत करायची आणि सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर व्हायचे, असा त्यांचा शिरस्ता. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलातून इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगचा पहिला मोसम सुरू झाला. त्यानंतर माझ्या पाहण्यातल्या मुलांत हे वेड अधिकच वाढले.

मी हाडांचा डॉक्टर. हौस म्हणून अशा काही शर्यतींना मैदानावर वैद्यकीय मदतीसाठी जातो. त्यामुळे मोसम संपला, की ही मुले एकेक करून दवाखान्यात येतात. यंदा आलेल्या एकाची हकिगत आज सांगणार आहे. त्यात चूक माझीही आहे, म्हणून ती मुद्दाम सांगतो.

मुलाचे वय २३. दुचाकी दुरुस्तीचे काम करतो. आई घरी टॉवेलना टीप मारते. हातात एक वही घेऊनच तो आला. वहीत मोसमाचा हिशेब होता. सहा शर्यती, एकदा तिसरा क्रमांक. टायर, चेन, पेट्रोल, प्रवेश फी, टेम्पोचे भाडे, सगळे तारीखवार लिहिलेले. मोसम संपल्याबरोबर त्याने इंजिन उघडले होते, क्लच प्लेट बदलल्या होत्या. मग सहज म्हणावे तसा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, बाकी काही नाही, पाना आवळताना उजवे मनगट दुखते तेवढे."

एक्स-रे स्वच्छ, तरी हाड मोडलेले

वाचकहो, आपला अंगठा वर ताणून पाहा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ दोन शिरांच्या मध्ये एक लहानसा खळगा पडतो. इंग्रजी शरीरशास्त्रात त्याला तपकिरीच्या डबीचे नाव दिले आहे. या खळग्याच्या तळाशी होडीच्या आकाराचे एक छोटे हाड असते. मनगटातल्या आठ लहान हाडांपैकी हे एक. डॉक्टर त्याला स्कॅफॉइड म्हणतात. पडताना माणूस हात पुढे टेकतो, तेव्हा मनगटातल्या या आठांपैकी सर्वांत जास्त वेळा मोडते ते हेच.

या हाडाच्या दोन खोडी आहेत. पहिली अशी, की मोडल्यानंतर सुरुवातीच्या दिवसांत त्याची भेग साध्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतच नाही. सूजही फारशी येत नाही. दहा ते चौदा दिवसांनी भेगेच्या कडांवरचे हाड थोडे झिजते आणि मग ती दिसू लागते.

दुसरी खोड त्याच्या रक्तपुरवठ्याची. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळते आणि ते मागे, कोपराकडच्या टोकाकडे जाते. उजनीच्या कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचायला किती अडचण येते, हे आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. कालवा मध्येच फुटला, तर टेलचे शेत कोरडेच राहते. तसेच येथे होते. हाड मध्ये मोडले, की मागच्या तुकड्याला रक्त पुरेसे पोचत नाही. म्हणून ते सावकाश जुळते, आणि आधार न देता हात वापरत राहिले तर जुळतच नाही. काही वर्षांनी मनगटाचा सांधा झिजतो आणि पकड कायमची कमजोर होते.

हा मुलगा मोसमाच्या सुरुवातीच्या एका शर्यतीत पडला होता. मैदानावर मीच होतो. खळग्यात दाबल्यावर तो "हां, दुखतंय" म्हणाला, म्हणून मी त्याला एक्स-रे काढायला पाठविले. दुसऱ्या दिवशी त्याने एक्स-रे आणून दाखविला. तो स्वच्छ होता. दवाखान्यात गर्दी होती. मी म्हणालो, "काही नाही, मुका मार आहे. चार दिवस पट्टी बांध." दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला ये, हे वाक्य मी बोललो नाही. नियम असा आहे, की खळग्यात दुखत असेल तर एक्स-रे स्वच्छ आला तरी मनगट आधारात ठेवायचे आणि दहा ते चौदा दिवसांनी फोटो पुन्हा काढायचा, किंवा शक्य असल्यास एमआरआय करायचा. हे मी विद्यार्थ्यांना शिकविलेले आहे. त्या दिवशी मात्र स्वतःच विसरलो.

परवा नवा एक्स-रे काढला. हाडाचे दोन तुकडे वेगळे दिसत होते. पाच महिने तो त्याच हाताने अॅक्सिलरेटर पिळत होता आणि त्याच हाताने पाने आवळत होता.

आठवत नसलेला लॅप

त्याची वही चाळताना फेब्रुवारीच्या एका शर्यतीपुढे क्रमांक लिहिलेला दिसला नाही. विचारले, तर म्हणाला, "त्या शर्यतीत पडलो होतो. उठून पूर्ण केली म्हणतात, पण शेवटचे लॅप आठवत नाहीत." हे त्याने हसत सांगितले. मला मात्र हसू आले नाही.

डोक्याला धक्का बसून काही काळ गोंधळल्यासारखे होणे, मधला वेळ न आठवणे, डोके दुखणे, उजेड सहन न होणे, झोप बिघडणे, ही मेंदूला हादरा बसल्याची लक्षणे आहेत. बेशुद्ध पडलेच पाहिजे असे नाही. सीटी स्कॅन स्वच्छ आला म्हणजे हादरा बसला नाही, असेही नाही. सीटी स्कॅन रक्तस्राव दाखवितो, पण मेंदूच्या कामात झालेला बिघाड त्यात दिसत नाही.

२०२२ साली अॅमस्टरडॅम येथे खेळातील मेंदूच्या हादऱ्यावर जागतिक तज्ज्ञांची परिषद झाली. तिचा निष्कर्ष आपल्याला सहज पाळता येण्यासारखा आहे. संशय आला, की खेळाडूला लगेच बाहेर काढायचे आणि त्या दिवशी पुन्हा उतरू द्यायचे नाही. पहिले एक-दोन दिवस कामे हलकी ठेवायची, पण अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याची गरज नाही. मग चालणे, हलका व्यायाम, सराव अशा पायऱ्या चढायच्या. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यायचा. पुन्हा पडण्याचा संभव असलेल्या सरावाआधी डॉक्टरांची परवानगी घ्यायची. मेंदू सावरण्यापूर्वी दुसरा धक्का बसला, तर क्वचित तो जिवावर बेततो.

उलट्या होत राहणे, डोकेदुखी वाढत जाणे, गुंगी येणे, झटके येणे, हातापायातली शक्ती कमी होणे, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्यावे.

केरळच्या हरित नोआने २०२४ च्या डकार रॅलीत रॅली-२ गट जिंकला, ते या मुलांना तोंडपाठ आहे. त्याच रॅलीत जानेवारी २०२१ मध्ये बेंगळुरूचा सी. एस. संतोष पडला, डोक्याला मार लागला आणि डॉक्टरांना त्याला औषधांनी कोमात ठेवावे लागले, हेही त्यांनी लक्षात ठेवावे. तो तर उत्तम हेल्मेट आणि पूर्ण साहित्य वापरणारा खेळाडू.

हेल्मेटवरून आठवले. या मुलाने मोसमात दोन टायर बदलले, हेल्मेट मात्र पडला तेव्हाचेच. हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा थर असतो. तो स्वतः दबतो आणि धक्का पोटात घेतो. एकदा दबला, की पुन्हा फुगत नाही. वरून रंग चकचकीत असला तरी मार खाल्लेले हेल्मेट बाद समजावे.

दगडासारखे झालेले हात

शर्यतीत पाच-दहा मिनिटांनी कोपराखालचा हात दगडासारखा कडक होतो आणि ब्रेक दाबता येत नाही, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक जण करतो. हाताचे स्नायू न ताणणाऱ्या घट्ट आवरणात असतात. सतत मूठ आवळल्याने स्नायू रक्ताने फुगतात, आवरण मात्र जागा देत नाही. आत दाब वाढतो. थांबल्यावर तो उतरतो. स्पेनचा मोटोजीपी स्पर्धक दानी पेद्रोसा याला २०१५ मध्ये या त्रासासाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली होती. आपल्या हौशी मुलांना बहुधा तशी वेळ येत नाही. हँडल सैल धरणे, गाडी गुडघ्यांनी आवळून धरणे आणि हँडल व लिव्हर आपल्या उंचीप्रमाणे लावून घेणे, एवढ्यानेही पुष्कळदा फरक पडतो. मात्र विश्रांतीतही दुखत असेल किंवा बोटे बधिर राहत असतील, तर दाखवून घ्यावे.

मोसम संपल्यावरचे रिकामेपण

आणखी एक गोष्ट मुलाच्या आईने सांगितली. "शर्यती संपल्यापासून चिडचिड करतो. रात्री झोपत नाही, गाडी काढून विजापूर रोडला जातो."

सहा महिने शरीराला दर रविवारी धडधडीची सवय लागते, आणि एके दिवशी ती बंद होते. काही दिवस करमत नाही, झोप बिघडते. ही लबाडी नव्हे. पण ती भूक सार्वजनिक रस्त्यावर भागवायची नाही. ट्रॅकवर समोरून ट्रॅक्टर येत नाही आणि कुत्रे आडवे जात नाही. शिवाय परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे गुन्हा आहे. दोन-तीन आठवडे हे करमणे परत आले नाही, तर डॉक्टरांशी बोलण्यात कमीपणा मानू नये.

विश्रांती म्हणजे आडवे पडणेही नव्हे. व्यायाम पूर्ण बंद केला, तर दोन ते चार आठवड्यांत दम कमी होऊ लागतो. एक-दोन आठवडे खरी विश्रांती घ्यावी. मग सकाळी उन्हाआधी चालणे, पोहणे किंवा सायकल, आणि मान, कंबर व मांड्या बळकट करणारे व्यायाम करावेत.

वहीत आणखी एक पान

अशा मुलांना माझे सांगणे थोडक्यात असे :

१. गाडीच्या खर्चाशेजारी प्रत्येक पडण्याची नोंद करा. तारीख, कोठे लागले, काय आठवत नाही ते लिहा.
२. मोसम संपल्यावर महिन्याच्या आत एकदा तपासून घ्या. अंगठ्याच्या खळग्यात दुखत असेल तर जुना स्वच्छ एक्स-रे दाखवून समाधान मानू नका.
३. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते पाहा.
४. तंबाखू सोडा. तिच्यामुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड उशिरा जुळते.
५. डॉक्टरने "काही नाही" म्हटले, तर "पुन्हा केव्हा येऊ?" एवढे विचारूनच उठा.

पाचवी सूचना डॉक्टरांसाठीही आहे.

त्या मुलावर आता शस्त्रक्रिया करावी लागेल. कमरेच्या हाडाचा छोटा तुकडा मध्ये बसवून स्क्रूने दोन्ही भाग आवळायचे. हाड जुळायला तीन महिने, कधी जास्तही लागतात. इतके दिवस पाना हाती धरता येणार नाही. आईने विचारले, "साहेब, हात गेला तर हा पोट कशावर भरणार?" मी तिला माझी चूक सांगितली. ती काही बोलली नाही. मुलगाच म्हणाला, "मी तरी दुसऱ्यांदा कुठं दाखवलं?" त्याच्या मालकाने तीन महिने गल्ल्यावर बसविण्याचे कबूल केले आहे. शस्त्रक्रिया दुसऱ्या एका अनुभवी शल्यचिकित्सकाकडून करून घ्यावी असे मी सुचविले, आणि तसे ठरले आहे.

पुढच्या मोसमात तो उतरेल की नाही, हे एक्स-रे सांगेल. तारीख मात्र या वेळी मीच त्याच्या वहीत लिहून दिली आहे.