निळ्या द्रवाचे शौचालय

मोठ्या इमारतीचे बांधकाम चालू असते तेथे किंवा एखाद्या मेळाव्याच्या मैदानावर प्लॅस्टिकच्या उंच पेट्या रांगेने उभ्या असलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. ही फिरती शौचालये. त्यांना नळ जोडलेला नसतो आणि खाली गटारही नसते. त्यांपैकी काहींत पाणी जवळजवळ न वापरता दुर्गंधी रोखलेली असते. हे कसे साधते?

त्यासाठी आधी दुर्गंधी कोठून येते ते पाहू. बंद टाकीत ऑक्सिजन फारसा पोहोचत नाही. तेथे ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू मैल्यातील प्रथिनांचे विघटन करतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यासारखा वास असलेला वायू सुटतो. मूत्रातील यूरियापासून जंतू अमोनिया तयार करतात. म्हणजे दुर्गंधीचे मुख्य कारण जंतूंचे काम हेच होय. ते थांबवले की दुर्गंधीही आटोक्यात येते.

रासायनिक शौचालयाची सारी युक्ती एवढीच आहे. बैठकीखाली साधारण दोनशे लिटरची टाकी असते. तिच्या तळाशी सुरुवातीलाच काही लिटर पाण्यात रसायन मिसळून ठेवतात. त्यात जंतुनाशक, सुगंधी द्रव्य आणि निळा रंग असतो. रंगामुळे आतला मैला दिसत नाही. द्रव हिरवट-तपकिरी दिसू लागला की टाकी रिकामी करण्याची वेळ जवळ आली असे समजावे. टाकीतून निघालेली एक उभी नळी छपराबाहेर जाते. टाकीतील वायू तिच्यातून वर निघून जातात.

जंतुनाशक म्हणून पूर्वी फॉर्माल्डिहाइड सर्रास वापरत. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीत ठेवलेला बेडूक आठवा. तो वर्षानुवर्षे कुजत नाही, कारण तो फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे फॉर्माल्डिहाइडच्या पाण्यातील द्रावणात, बुडवलेला असतो. हे रसायन प्रथिनांचे रेणू एकमेकांशी जखडून टाकते. जंतूंची प्रथिने अशी जखडली गेली की ते मरतात.

पण येथेच एक अडचण आहे. या शौचालयात मैला नष्ट होत नाही, त्याचे कुजणे फक्त लांबणीवर पडते. ठरावीक दिवसांनी शोषक पंपाची गाडी येऊन टाकी रिकामी करते आणि मैला शुद्धीकरण केंद्रात नेते. त्या केंद्रात मैल्याचे विघटन कोण करते? जंतूच! टाकीतील रसायन फार तीव्र असेल तर ते या उपकारक जंतूंनाही मारते. शिवाय २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइड मानवात कर्करोग निर्माण करते, असा निष्कर्ष काढला. म्हणून आता अनेक ठिकाणी सौम्य जंतुनाशके किंवा विकरे वापरतात.

आपल्या रेल्वेने नेमका उलटा मार्ग धरला आहे. डब्यांखालील जैव-शौचालयांत जंतूंना मारत नाहीत, कामाला लावतात. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या साहाय्याने बनवलेल्या या टाक्यांत जंतू मैल्याचे पाणी, मिथेन आणि कार्बन डायॉक्साइड यांत रूपांतर करतात. पूर्वी मैला थेट रुळांवर पडे. आता तो डब्याखालीच जिरतो.

फिरत्या शौचालयाची खरी किंमत कळते ती शौचालय नसते तेथे. बांधकामावरील कामगार स्त्रियांना आडोसा मिळेपर्यंत तासन् तास थांबावे लागते. त्या मुद्दाम पाणी कमी पितात आणि मग मूत्रमार्गाचे विकार जडतात. पुरानंतरच्या छावणीत उघड्यावरचा मैला पिण्याच्या पाण्यात मिसळला तर कॉलरा, विषमज्वर, कावीळ पसरते. पंढरीच्या वाटेवरही २०१५ पासून ‘निर्मल वारी’ उपक्रमात फिरती शौचालये उभी केली जातात. तेथे रसायन असेलच असे नाही, पण टाकी वेळेवर रिकामी झाली पाहिजे हा नियम तेथेही तितकाच लागू आहे. टाकी भरून वाहू लागली तर शौचालय असून नसल्यासारखेच! आणि ती रिकामी करायची ती पंपानेच. माणसाकडून हाताने मैला उपसून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. तुमच्या शाळेच्या शौचालयाला सेप्टिक टँक असेल आणि स्वच्छतेच्या हौसेने कोणी त्यात रोज बाटलीभर फिनेल ओतू लागले, तर त्या टाकीचे काय होईल? वर्गात चर्चा करून पाहा. उत्तर वरच्या मजकुरातच दडलेले आहे.