सलाईन किती चढवायची?

आपल्या पांढुर्णा-सौंसरकडं आजारी माणसाला सलाईन लागली की घरच्यांना अर्धा धीर येतो. गेल्या वर्षी माझ्या मामांच्या पोटातून पाठीत कळ गेली, उलट्या थांबेनात. नागपूरला नेलं तर स्वादुपिंडाला सूज. मामींचा एकच प्रश्न होता, "बाटली एवढी हळू का चालू आहे?"

प्रश्न रास्तच. या सुजेत रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपतं, स्वादुपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. म्हणून वर्षानुवर्षं भरपूर सलाईन देत. 2022 मध्ये 'वॉटरफॉल' चाचणीचे निकाल आले. भारतासह चार देशांतले 249 रुग्ण. सुरुवातीच्या डोसनंतर काहींना किलोमागे ताशी 3 मिली रिंगर लॅक्टेट, काहींना 1.5 मिली. जास्तवाल्यांपैकी 20.5 टक्क्यांच्या अंगात पाणी साठलं, बेतानं दिलेल्यांत 6.3. आजार मात्र जास्त दिल्यानं हटला नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

साठ किलोच्या माणसाला म्हणजे तासाला 90 मिली. हा हिशेब मी मामींना कागदावर मांडून दाखवला. मग त्या बाटलीऐवजी लघवीच्या पिशवीकडं बघू लागल्या. नर्सही तेच मोजत होती.