रापणीच्या वाट्याचं टेबल

काका लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवतात. ‘ह्येच्यात म्हातारेचो वाटो खय आसा गो?’

मालवणात दांडीच्या किनाऱ्यालगतच्या घराची ही पडवी. सकाळची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली आहे, मासळी विकली गेली आहे, आता वाटणी चालली आहे. काकांच्या मांडीवर लांबट लाल वही. समोरच्या स्टुलावर लॅपटॉप, आणि त्यापुढे कॉलेजात संगणक शिकणारी त्यांची पुतणी. वही एकाच घरात राहते. आपला वाटा कसा निघाला हे पाहायचं तर प्रत्येकाला इथवर यावं लागतं. हा हिशेब सगळ्यांना आपापल्या फोनवर दिसावा म्हणून तिने दिवाळीच्या सुट्टीत हे काम अंगावर घेतलं आहे.

म्हातारी हजेरीत नाही, म्हणून वाट्यात नाही. पुतणीने हिशेब सरळ मांडला होता: आज दोर कोणी ओढला ते एका टेबलात, आणि त्या हजेरीवरून वाटे. काका मान हलवतात. ‘ती वडूक येणा नाय. पण तिच्या घोवान जल्मभर रापण वडली. तिचो वाटो रवतलो.’

पुतणी टाइप करायची थांबते. मग एकेक विचारू लागते. जाळ्याचे किती? पाच. होडीचे? दोन. घरी बसून वाटा कोणाकोणाला? म्हातारीला, आणि पाय मोडून पडलेल्या एकाला. शाळेतली दोन पोरं येतात, त्यांना? अर्धा-अर्धा. वहीत यातलं काही लिहिलेलं नाही. तिथे फक्त नाव आणि आकडा. त्यामागचा नियम काकांच्या डोक्यात आहे.

तिने जे वापरलंय ते फ्लास्क, पायथन भाषेतलं हलकं फ्रेमवर्क. ऑस्ट्रियाच्या आर्मिन रोनाखर यांनी ते २०१० मध्ये आणलं. ब्राउझरकडून पत्ता आला की कुठलं फंक्शन चालवायचं आणि उत्तरादाखल कुठलं पान पाठवायचं, मुख्यतः एवढंच ते बघतं. चार-पाच ओळींत पहिलं पान उभं राहतं. डेटाबेस कुठला घ्यायचा, टेबलं कशी पाडायची, हे ते सांगत नाही. मोठी फ्रेमवर्कं बरंच काही तयार हातात देतात, आणि दुकानाच्या किंवा ऑफिसच्या कामाला ते सोयीचंही पडतं. पण या पडवीत मला हलकं असणंच मोलाचं वाटतं. साधनाने काही गृहीत धरलेलं नाही, म्हणून मुलीला काकांना विचारावं लागतंय.

ती जुनं टेबल मोडते. आता तीन आहेत: माणसं, रापणी, आणि वाटे. वाट्याच्या प्रत्येक ओळीत कुठली रापण, कोणाचा वाटा, किती, आणि कशाबद्दल. हा ‘कशाबद्दल’चा रकाना नवा. त्यात ‘ओढली’, ‘जाळं’, ‘होडी’ येतं, आणि म्हातारीच्या ओळीत काकांनी सांगितलेला शब्द येतो, ‘मान’. अर्ध्या वाट्याचा घोळ नको म्हणून पूर्ण वाटा दोन अंशांचा आणि पोरांचा एका अंशाचा.

डेटाबेस एसक्यूलाइटचा आहे. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, सगळा हिशेब एका फाइलीत मावतो. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली लिहिला, तेव्हा ते अमेरिकन नौदलाच्या युद्धनौकांसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रामही अडायचा, म्हणून सर्व्हरच नसलेला डेटाबेस. एक खोच मात्र तिला ठाऊक आहे: यादीत नसलेल्या माणसाच्या नावे वाटा लिहिला तर एसक्यूलाइट आपणहून अडवत नाही, ती तपासणी दर जोडणीला चालू करावी लागते. ती ओळ ती आधी लिहून टाकते.

मग आजचे आकडे. विक्री १८,४०० रुपये, खर्च १,१५०. उरले १७,२५०. अंश ८२. संगणकाला अपूर्णांकांत पैसे मोजायला लावलं की शून्य पूर्णांक एक अधिक शून्य पूर्णांक दोन याचंही उत्तर शेपटीला भलतेच आकडे घेऊन येतं, म्हणून ती सगळं पूर्णांकात ठेवते. अंशाला २१० रुपये, पूर्ण वाट्याला ४२०. तीस रुपये उरतात.

‘काका, ह्या तीसाचा काय करायचा?’

‘देवळात. तेल-वातीक.’

देवळाचीही ओळ होते.

आता ती मुद्दाम एक खोडी करते. वाटे लिहीत असताना निम्म्यावर प्रोग्राम बंद पाडते, आणि टेबल उघडून काकांना दाखवते. आजचा एकही वाटा नाही. निम्म्यांना मिळाले आणि निम्मे राहिले, असं होत नाही. सगळे वाटे एकदम पक्के होतात, नाहीतर एकही नाही. काका दुसऱ्यांदा करून दाखवायला सांगतात. ती दाखवते. या वेळी ते वही बाजूला ठेवून नीट पुढे वाकतात. मला वाटतं, अ‍ॅपवर त्यांचा विश्वास बसतो तो इथे.

फोनच्या हॉटस्पॉटवर पान उघडतं. टर्मिनलवर लाल अक्षरांत इशारा आहे की हा सर्व्हर फक्त बांधणीपुरता आहे, रोजच्या वापरासाठी दुसरा बसवा. ते बाकी आहे. पासवर्डही बाकी आहेत, आणि कोणाला कोणाचा वाटा दिसावा हे अजून ठरायचंय. काकांचं म्हणणं, सगळ्यांना सगळ्यांचा. वाटणी किनाऱ्यावर सगळ्यांसमोरच होते, तर फोनवर लपवायची कशाला? पुतणीला ते एकदम पटत नाही, पण ती लिहून घेते.

‘आणि कागदार गावतला मा?’

छपाईच्या पानासाठी ती आणखी एक पत्ता जोडते.

इतका वेळ पायरीवर बसून ऐकणारी मासळीवाली मावशी आता टोपली सरकवून वर येते. सकाळचे बांगडे तिनेच घेतलेत, निम्मे पैसे द्यायचे आहेत. ‘माझी उधारी खय लिवतलंस?’

‘मावशे, तू पैसे कधी भागवतंस?’

‘आयतवारी. पावस पडलो तर बुधवारी.’

पुतणी नवी फाइल उघडते आणि चौथ्या टेबलाचं नाव टाइप करते: उधारी.