प्रिंटरचा पत्ता हरवतो तेव्हा

काल निमूट छापणारा वायफाय प्रिंटर आज लॅपटॉपवर ‘ऑफलाइन’ दिसतो. शाई आहे, कागद आहे, वायफायचा दिवाही पेटलेला आहे. मग ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्याचा खटाटोप सुरू होतो. पुष्कळदा तो फुकटचाच. प्रिंटरचा आयपी पत्ता बदललेला असतो आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो.

घरातल्या उपकरणांना हे पत्ते राउटर वाटतो. या पद्धतीचं नाव डीएचसीपी. पत्ता मिळतो तो भाडेकरारासारखा, ठरावीक मुदतीसाठी. अनेक राउटरांत ती २४ तासांची असते. सतत चालू असलेलं उपकरण मुदत संपण्याआधीच ती वाढवून घेतं. आठ-आठ दिवस बंद असलेल्या प्रिंटरची जागा मात्र पाहुण्यांच्या मोबाइललाही जाऊ शकते. वीज जाऊन आली, की काही राउटर कुणाला काय दिलं होतं हेच विसरतात.

हे पत्ते बहुधा १९२.१६८ने सुरू होतात. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ते आहेत जेमतेम ४२९ कोटी, आणि त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११मध्ये संपला. तरी काम चाललं, कारण १९९६च्या एका मानकाने काही पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले होते. म्हणून पुण्यातल्या आणि नागपुरातल्या दोन घरांत १९२.१६८.१.५ खुशाल नांदतो. ते आकडे घराबाहेर जातच नाहीत. बाहेरच्या जगाशी राउटर स्वतःच्या पत्त्याने बोलतो.

उपाय दोन. प्रिंटरमध्येच पक्का पत्ता भरता येतो. पण तो राउटरच्या वाटपाच्या पट्ट्यातला निघाला, तर एकाच पत्त्यावर दोन दावेदार उभे राहतात आणि दोघांचंही काम अडतं. त्यापेक्षा राउटरमध्येच पत्ता राखून ठेवणं सोयीचं. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकायचा. तो १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असू शकतो, जिओफायबरवर सहसा १९२.१६८.२९.१. आत ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ शोधून प्रिंटरच्या मॅक पत्त्यापुढे, म्हणजे उपकरणाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकापुढे, हवा तो आयपी लिहायचा. प्रिंटर एकदा बंद-चालू केला की झालं. लॅपटॉपला जुना पत्ताच ठाऊक असेल, तर तिथे प्रिंटर एकदा नव्याने जोडावा लागतो.

मोबाइलसाठी हे करताना एक अडचण येते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून फोन खासगीपणासाठी वायफायला खरा मॅक पत्ता न देता बनावट देतात. तो बदलला, तर राखीव जागा वाया. घरच्या वायफायपुरती ही सोय बंद करता येते.

एखाद्या उपकरणावर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याला पत्ता देणारं कुणी भेटलेलंच नाही, असं समजावं. उलट, वरच्या मजल्यासाठी आणलेला दुसरा राउटरही त्याच जाळ्यात पत्ते वाटू लागला, की गोंधळ दुप्पट. त्याला ‘ॲक्सेस पॉइंट मोड’वर ठेवला, की पत्ते वाटण्याचं काम पहिल्याकडेच राहतं.